इंटरनेट बंद पडले, तर दोष कसा शोधाल?



अशी कल्पना करा की, शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची आज शेवटची तारीख आहे. रात्रीचे आठ वाजले आहेत. सर्व माहिती भरून झाली, छायाचित्र जोडून झाले, आणि 'सादर करा' ह्या शब्दांवर बोट टेकवताच पडद्यावर एक लहानसे चक्र फिरू लागले. ते फिरतच राहिले. इंटरनेट बंद पडले!

अशा वेळी घरोघरी काय घडते, ते तुम्ही पाहिलेच असेल. दादा राउटरचे बटण बंद-चालू करतो. ताई मोबाइल घेऊन गच्चीवर धावते. बाबा मागची वायर हलवून पाहतात. आजोबा म्हणतात, "आमच्या रेडिओला एक चापट मारली, की तो बोलू लागायचा!" पाव तासाने इंटरनेट सुरू झालेच, तर सर्वांना हायसे वाटते, पण ते कशामुळे सुरू झाले, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे आठ दिवसांनी ते पुन्हा बंद पडले, की पुन्हा तीच धावपळ. कधी कधी तर कंटाळून नवा राउटर विकत आणला जातो, आणि दोष भलत्याच ठिकाणी असल्यामुळे हजार-दीड हजार रुपये पाण्यात जातात.

हा झाला अंधारात दगड मारण्याचा प्रकार. ह्याउलट, दोष शोधण्याची एक शास्त्रीय रीत आहे. तिच्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. लागतात त्या तीन गोष्टी : इंटरनेट आपल्यापर्यंत कसे येते ह्याची थोडी माहिती, नीट विचारलेले प्रश्न आणि एक वही. ही रीत आज आपण समजून घेऊ या.

आठ दुव्यांची साखळी

मोबाइलच्या पडद्यावर दिसणारे पान दूरच्या कोणत्या तरी संगणकात साठवलेले असते. ते आपल्यापर्यंत येण्यासाठी एक साखळी अखंड असावी लागते. ज्या घरात प्रकाशतंतूचे, म्हणजे ऑप्टिकल फायबरचे, इंटरनेट आहे, त्या घरापुरते पाहिले तर तिचे आठ दुवे मोजता येतात.

पहिला दुवा म्हणजे तुमचा मोबाइल किंवा संगणक. दुसरा, त्याच्यापासून राउटरपर्यंत जाणाऱ्या वायफायच्या लहरी. तिसरा दुवा राउटर. घरातील प्रत्येक उपकरणाची माहिती योग्य त्या ठिकाणी पोचवणारा हा घरचा पोस्टमन. चौथी, भिंतीजवळची लहान पेटी. तिला ओएनटी म्हणतात, आणि प्रकाशाच्या रूपात आलेल्या संदेशांचे विद्युत संदेशांत रूपांतर करणे हे तिचे काम. (पुष्कळ घरांत राउटर आणि ओएनटी एकाच पेटीत असतात.) पाचवा दुवा म्हणजे घरापासून सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या केंद्रापर्यंत गेलेला प्रकाशतंतू. सहावा, ते केंद्र. सातवा, देशभर आणि समुद्राच्या तळाशी पसरलेले मोठमोठ्या केबलींचे जाळे. आणि आठवा दुवा म्हणजे ज्याच्याकडे आपले पान आहे तो दूरचा संगणक. त्याला सर्व्हर म्हणतात.

ह्यांपैकी एकही दुवा निखळला, तर पडद्यावर दिसणारे चक्र मात्र तेच! म्हणूनच नुसत्या चक्राकडे पाहून दोष कळत नाही.

आता दोष शोधायचा कसा? पहिल्या दुव्यापासून एकेक तपासत गेलो, तर पाळी आठव्यापर्यंतही येऊ शकेल. त्याऐवजी एक युक्ती करू. तुम्ही संख्या ओळखण्याचा खेळ खेळला असाल. मित्राने १ ते १०० मधील एक संख्या मनात धरायची, आणि आपण 'ती ५० पेक्षा मोठी आहे का?' असे विचारायचे. उत्तर कोणतेही येवो, निम्म्या संख्या बाद होतात. दर प्रश्नाला निम्म्या ह्या हिशेबाने सात प्रश्नांत संख्या हमखास सापडते, कारण २ चा सातवा घात १२८ आहे, आणि तो १०० पेक्षा मोठा आहे.

हीच युक्ती साखळीला लावा. आठ म्हणजे २ चा तिसरा घात. मधोमध प्रश्न विचारत गेलो, तर आठ दुव्यांतील दोष तीन-चार प्रश्नांतच हाती लागायला हवा. आपला पहिला प्रश्न म्हणून असा : दोष घरातला (दुवे १ ते ४) की घराबाहेरचा (दुवे ५ ते ८)?

हात लावण्यापूर्वी पाहा

डॉक्टर औषध देण्यापूर्वी नाडी पाहतात. आपणही कोणतेही बटण दाबण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहू.

एक : घरातील सर्व उपकरणांवर इंटरनेट बंद आहे, की एकाच? आईच्या मोबाइलवर चालू आणि तुमच्या संगणकावर बंद असेल, तर राउटरपासून पुढचे सर्व दुवे एका फटक्यात निर्दोष ठरले! दोष तुमच्या संगणकात किंवा त्याच्या वायफायमध्येच असला पाहिजे. मात्र आईच्या मोबाइलचे स्वतःचे मोबाइल-इंटरनेट त्या वेळी बंद करायला विसरू नका. नाहीतर तो वेगळ्याच वाटेने जाईल आणि तुमची फसगत होईल.

दोन : सर्व संकेतस्थळे बंद आहेत, की एकच? बातम्यांचे पान उघडते आणि अर्जाचे तेवढे उघडत नाही, असे असेल, तर बहुधा आठवा दुवा दोषी आहे. शेवटच्या दिवशी हजारो विद्यार्थी एकाच वेळी अर्ज भरू लागले, की तो संगणक गुदमरतो. तेथे तुमच्या राउटरचे बटण कितीही वेळा दाबले, तरी काय उपयोग?

तीन : पेटीवरचे दिवे काय सांगतात? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. तो जरा विस्ताराने पाहू.

लाल दिव्याची गोष्ट

ओएनटीच्या पेटीवर विद्युतपुरवठ्याचा दिवा असतो. तो लागला नसेल, तर पुढे काही पाहण्याचे कारणच नाही. अडॅप्टर, प्लग आणि बटण तपासा. पेटीला १२ व्होल्ट हवे असताना कोणी ९ व्होल्टचा अडॅप्टर लावला असेल, तर ती पुन्हा पुन्हा बंद पडून सुरू होऊ शकते.

दुसरा दिवा 'एलओएस' ह्या अक्षरांजवळचा. 'प्रकाश मिळत नाही' असा त्याचा अर्थ. तो लाल झाला, की समजावे, पाचव्या दुव्यातून प्रकाश येणे थांबले आहे किंवा फारच क्षीण झाले आहे.

प्रकाशतंतू म्हणजे काचेचा अतिशय बारीक धागा. प्रकाश वाहून नेणारा त्याचा गाभा अवघा ९ मायक्रोमीटर जाडीचा असतो. आपला केस त्याच्यापेक्षा कितीतरी जाड असतो! गाभ्याचा अपवर्तनांक भोवतालच्या काचेपेक्षा किंचित जास्त असतो. त्यामुळे तुम्ही पाठ्यपुस्तकात शिकता ते पूर्ण आंतरिक परावर्तन घडते, आणि प्रकाश बाहेर न निसटता पुढे पुढे जातो. नरिंदर सिंग कपानी ह्या भारतीय शास्त्रज्ञाने लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स ह्यांच्याबरोबर काम करून, अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवता येते, हे १९५४ साली प्रसिद्ध केले. पुढे १९६६ मध्ये चार्ल्स काओ ह्यांनी दाखवले की, काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश तिच्यातून दूरवर नेता येईल. ह्या कार्याबद्दल त्यांना २००९ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण हे परावर्तन घडण्यासाठी प्रकाशकिरण ठराविक कोनापेक्षा मोठ्या कोनात येऊन आदळावा लागतो. तंतू फार वाकवला, की हा कोन बिघडतो आणि प्रकाश बाहेर गळतो. कपाट भिंतीला सरकवताना केबल मागे दाबली गेली, साफसफाई करताना तिला करकचून गाठ बसली, किंवा उंदराने ती कुरतडली, की लाल दिवा लागलाच. म्हणून केबलचे जादा वेटोळे वाटीच्या घेरापेक्षा लहान करू नये. पेटीकडे येणारा प्रकाश मुळात किती थोडा असतो, तेही लक्षात घ्या : एका मिलिवॉटच्या शंभराव्या भागाएवढ्या प्रकाशावर ती आपले काम चोख करते. त्यातूनही गळती झाली, तर तिने करायचे काय?

लाल दिवा दिसला, तर केबल कोठे दबली-वाकली आहे का, ते पाहून अलगद सरळ करा. तेवढ्याने दिवा हिरवा झाला नाही, तर मात्र घरात आणखी खटपट करू नका. तंतू जोडण्याचे काम कंपनीच्या कारागिराचे आहे. आणि एक इशारा : तुटलेल्या तंतूचे टोक डोळ्यासमोर कधीही धरू नका. पेटीकडे येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी बहुतेक ठिकाणी १४९० नॅनोमीटर असते. तो अवरक्त असल्यामुळे डोळ्याला दिसत नाही. पण दिसत नाही म्हणून तो तेथे नाही, असे नव्हे.

अदृश्य लहरींचा प्रवास

दिवे सारे हिरवे आहेत, तरीही आतल्या खोलीत इंटरनेट रडतखडत चालते. आता संशय दुसऱ्या दुव्यावर. त्याची परीक्षा सोपी आहे. मोबाइल घेऊन राउटरपासून दोन मीटरवर या. तेथे सारे सुरळीत चालले, तर राउटर निर्दोष आणि वाट दोषी!

वायफायच्या लहरी म्हणजे रेडिओलहरीच. त्या बहुधा दोन प्रकारच्या वापरतात : २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. करून पाहा : पहिलीची १२.५ सेंटिमीटर, म्हणजे वितीहून बरीच कमी. दुसरीची ६ सेंटिमीटर. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जास्त माहिती वाहून नेतात, पण भिंती ओलांडताना लवकर थकतात. म्हणून राउटरच्याच खोलीत बसला असाल तर ५ गिगाहर्ट्झ निवडा, आणि दोन भिंतींपलीकडे असाल तर २.४.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले, की लहरींची तीव्रता चौथाई होते. घरात त्यात भिंतींची भर पडते. लोखंडी सळ्यांचा स्लॅब, गोदरेजसारखे पोलादी कपाट, आणि मागे धातूचा लेप असलेला मोठा आरसा हे लहरींचे मोठे अडथळे होत. पाणीही त्या शोषून घेते. असे असूनही आपण राउटर कोठे ठेवतो? टीव्हीच्या मागे, कपाटाच्या आड किंवा जमिनीवर! त्याला घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या जागी बसवले, तर एक पैसाही खर्च न होता निम्मे दुखणे बरे होते.

स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचे उदाहरण मोठे मनोरंजक आहे. त्यातील लहरींची वारंवारता सुमारे २.४५ गिगाहर्ट्झ, म्हणजे वायफायच्या अगदी शेजारची. ओव्हन ८०० वॉटचा आहे आणि त्यातून केवळ दहालक्षांशाएवढी शक्ती बाहेर निसटली, असे धरू. ती ०.०००८ वॉट होईल. माणसाला ह्याचा काही त्रास नाही. पण चांगल्या वायफायमध्येही मोबाइलपर्यंत पोचणारी शक्ती पुष्कळदा एका वॉटच्या अब्जांशाएवढीच असते! निसटलेली शक्ती तिच्या आठ लाखपट झाली. अंतरामुळे ती क्षीण होत गेली, तरी कुजबुज ऐकणाऱ्याच्या कानाशी कोणी ढोल वाजवावा, तसे होते. दूध तापवताना दोन मिनिटे इंटरनेट अडखळते आणि मग आपोआप ठीक होते, असे तुमच्या घरी घडत असेल, तर दोष सापडला. ५ गिगाहर्ट्झचा पर्याय निवडा.

इमारतीत राहणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी दालने फक्त तीन : १, ६ आणि ११. दहा शेजाऱ्यांचे दहा राउटर त्याच तीन दालनांत बोलू लागले, की बाजारासारखा गलका होतो आणि प्रत्येकाला आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागते. रात्री नऊ वाजता वायफाय मंद आणि पहाटे पाचला जलद असेल, तर हा गलका हे त्याचे एक कारण असू शकते. ते पडताळायचे, तर राउटरचे दालन बदलून दोन दिवस पाहावे.

पत्ता आणि नाव

दिवे हिरवे, वायफाय उत्तम, तरीही पान उघडत नाही. आता काय?

इंटरनेटवरील प्रत्येक उपकरणाला आकड्यांचा एक पत्ता लागतो. घरातला पत्ता राउटर देतो. तो बहुधा १९२.१६८ ह्या आकड्यांनी सुरू होतो. मोबाइलच्या किंवा संगणकाच्या वायफायच्या माहितीत तो पाहता येतो. तेथे १९२ ऐवजी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर समजावे की राउटरने पत्ता दिलाच नाही, आणि बिचाऱ्या संगणकाने स्वतःच एक तात्पुरता पत्ता धारण केला आहे. वायफाय बंद करून पुन्हा जोडले, की बहुतेक वेळा नवा पत्ता मिळतो.

पण आपण कोणत्याही संकेतस्थळाला आकड्यांनी हाक मारत नाही, नावाने मारतो. नावावरून पत्ता शोधून देणारी एक जगव्यापी नामसूची आहे. तिला डीएनएस म्हणतात. तिची रचना पॉल मॉकापेट्रिस ह्यांनी १९८३ साली मांडली. ही नामसूची उत्तर देईनाशी झाली, तर सारे रस्ते उघडे असूनही आपल्याला घर सापडत नाही. सगळे शहर जागेवर आहे, पण आपण पत्त्यांची वही हरवून बसलो आहोत, अशी ही अवस्था होय.

ह्या दोन अवस्थांतला फरक ओळखण्यासाठी 'पिंग' नावाची एक सुरेख चाचणी आहे. माइक म्यूस ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ती डिसेंबर १९८३ मध्ये लिहिली. पाणबुडी शोधण्यासाठी ध्वनी पाठवतात आणि प्रतिध्वनीची वाट पाहतात. त्या ध्वनीवरून तिला हे नाव पडले. आपण एखाद्या पत्त्याला लहानसा संदेश पाठवायचा, आणि उत्तर किती मिलिसेकंदांत येते ते पाहायचे. ही सोय बहुतेक संगणकांत असतेच. शिक्षकांकडून ती शिकून घ्या.

पायऱ्या अशा. प्रथम राउटरला पिंग करा. त्याचा पत्ता बऱ्याच घरांत १९२.१६८.१.१ असतो. उत्तर आले, तर पहिले तीन दुवे शाबूत आहेत. मग ८.८.८.८ ह्या बाहेरच्या, सर्वांना खुल्या असलेल्या पत्त्याला करा. उत्तर आले, तर सातव्या दुव्यापर्यंतची वाट मोकळी आहे. शेवटी एखाद्या संकेतस्थळाला त्याच्या नावाने करा. आकड्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, असे झाले, तर दोष नामसूचीचा असण्याचा संभव मोठा. मात्र एक सावधगिरी बाळगा. काही संगणक मुद्दामच पिंगला उत्तर देत नाहीत. म्हणून उत्तर आले हा पुरावा भक्कम असतो, पण उत्तर आले नाही हा पुरावा कच्चा असतो. तो दुसऱ्या चाचणीने पडताळून पाहावा.

तीन व्होल्टच्या सेलची करामत

आता एक कोडे. शाळेच्या संगणककक्षात दहा संगणक आहेत. नऊ ठीक चालतात. दहाव्यावर पिंगला उत्तर येते, पण कोणतेही संकेतस्थळ उघडायला गेले, की ते 'सुरक्षित नाही' अशी सूचना झळकते. केबल बदलली, तरी तेच. दोष कोठे?

प्रश्नांची रीत लावू. एकाच संगणकावर बंद, म्हणजे दोष पहिल्या दोन दुव्यांत. पिंग चालते, म्हणजे दुसरा दुवा ठीक. उरला तो संगणक स्वतः. आता त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख पाहा. ती कित्येक वर्षे मागची आहे!

संगणक बंद असतानाही त्यातले घड्याळ चालू ठेवण्यासाठी आत नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो. काही वर्षांनी तो संपतो, आणि संगणक दर वेळी जुनीच तारीख दाखवू लागतो. सुरक्षित संकेतस्थळे स्वतःची ओळख पटवण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखवतात, आणि त्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध' असे लिहिलेले असते. संगणकाच्या दृष्टीने ती तारीख अजून उजाडलेलीच नाही. म्हणून तो प्रमाणपत्र नाकारतो. तारीख दुरुस्त केली, की पाने उघडतात; सेल बदलला, की ती दुरुस्ती टिकते. थोड्या रुपयांच्या सेलसाठी संगणक मोडीत निघायचा होता!

बंद नाही, पण मंद

कधी इंटरनेट बंद नसते, मंद असते. तक्रार करण्यापूर्वी एक हिशेब करा. जोडणीचा वेग 'मेगाबिट प्रतिसेकंद' ह्या एककात सांगतात, आणि फाइलचा आकार 'मेगाबाइट'मध्ये. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणजे ४० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला ५ मेगाबाइटच येणार. १००० मेगाबाइटच्या फाइलला २०० सेकंद, म्हणजे सव्वातीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागणारच. हा दोष नव्हे, हा भागाकार आहे!

दुसरी मर्यादा निसर्गाची. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.४७ असल्यामुळे तंतूमध्ये प्रकाशाचा वेग सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर असतो. मुंबई ते लंडन हे सरळ अंतर सुमारे ७२०० किलोमीटर. संदेश जाऊन उत्तर यायला निदान ७२ मिलिसेकंद हवेत. केबल वळणावळणाने जात असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्तच लागतात. कितीही महागडा राउटर आणला, तरी हा वेळ कमी होणार नाही.

आणि कधी दोष खरोखरच साता समुद्रांपलीकडे असतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातील केबली तुटल्या, आणि भारतातील इंटरनेट कित्येक दिवस मंदावले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, भारतात रात्रीचे नऊ वाजून गेल्यावर, फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले. त्या कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यात केलेल्या एका बदलामुळे तिच्या नामसूचीकडे जाणारे मार्गच नाहीसे झाले होते. त्या रात्री ज्यांनी 'दुसरे एखादे संकेतस्थळ उघडते का?' एवढाच प्रश्न स्वतःला विचारला, ते आपल्या राउटरला हात न लावता शांत झोपले असतील.

बंद-चालू केल्याने बरे का होते?

ह्या साऱ्या विवेचनानंतर तुम्ही विचाराल, "पण सर, नुसते बंद-चालू केले तरी पुष्कळदा चालू होतेच की!" खरे आहे. राउटर हाही एक छोटा संगणकच आहे. महिनोन्महिने चालू राहिल्यावर त्याच्या स्मृतीत जुन्या नोंदी साचतात, एखादा प्रोग्रॅम अडकून बसतो. वीज गेली, की ही कामचलाऊ स्मृती पुसली जाते आणि सारे कोऱ्या पाटीवर सुरू होते. मात्र आतील धारित्रांमध्ये काही क्षण विद्युतभार शिल्लक असतो; म्हणून बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबून मगच चालू करावे, आणि दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे वाट पाहावी.

तेव्हा हा उपाय जरूर करा. पण पाटीबरोबर पुरावाही पुसला जातो, हे ध्यानात ठेवा. म्हणून आधी दिवे आणि वेळ वहीत लिहा, मग बटण दाबा. दर मंगळवारी संध्याकाळी सहालाच इंटरनेट जाते, हे वहीवाचून कसे कळणार?

ह्या वहीला मोठी परंपरा आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ ह्या अवाढव्य संगणकात बिघाड झाला. शोध घेता घेता ७० क्रमांकाच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तेथील मंडळींनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत चिकटवला, आणि शेजारी वेळ व जागा लिहून ठेवली. संगणकातील चुकांना 'बग', म्हणजे किडा, म्हणण्याचा प्रघात ह्या प्रसंगाने लोकप्रिय झाला, जरी यंत्रातल्या दोषाला बग म्हणण्याची रीत त्याआधीचीच होती. ती नोंद होती, म्हणून तर आज आपण तो प्रसंग सांगू शकतो.

नियम थोडे, पण पक्के

एका वेळी एकच बदल करा. राउटर हलवला, केबल बदलली आणि दालनही बदलले, आणि मग ते चालू झाले, तर श्रेय कोणाला द्याल? प्रयोगशाळेत आपण एकच राशी बदलतो आणि बाकीच्या स्थिर ठेवतो, तसेच येथेही. सोपा आणि पुन्हा पूर्ववत करता येणारा उपाय आधी, अवघड उपाय नंतर. राउटरच्या मागच्या भोकात टाचणी घालून सारे मूळपदावर आणण्याचा मोह टाळा. त्याने कंपनीने भरलेली माहितीही पुसली जाते, आणि होता तो दोष राहून नवाच उभा राहतो.

दोष घराबाहेरचा ठरला, तर कंपनीला कळवा : "सात चाळीसपासून बंद आहे, एलओएस दिवा लाल आहे, केबल घरात कोठेही दबलेली नाही." एवढ्या तीन वाक्यांनी कारागिराचा अर्धा वेळ वाचतो. मात्र तक्रारीचा क्रमांक बिलावरूनच घ्या. इंटरनेटवर शोधून मिळालेले ग्राहकसेवेचे क्रमांक पुष्कळदा ठगांचे असतात. "मी दुरुस्त करतो, फक्त हे अॅप घ्या आणि आलेला ओटीपी सांगा," असे कोणी म्हणाले, तर फोन ठेवून द्या. इंटरनेट दुरुस्त करायला ओटीपी लागत नाही! फसवणूक झालीच, तर १९३० ह्या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

राहिला तो शिष्यवृत्तीचा अर्ज. समजा, दिवा लाल आहे, म्हणजे दोष पाचव्या दुव्याचा. आज रात्री तो आपल्याने दुरुस्त होणार नाही. हे दोन मिनिटांत समजले, तर उरलेल्या वेळात मोबाइलच्या इंटरनेटवरून किंवा शेजारच्या काकूंच्या वायफायवरून अर्ज भरता येईल. दोष कोठे आहे हे कळल्याने तो नेहमीच दूर होतो, असे नाही. पण आपली शक्ती कोठे खर्च करायची आणि कोठे नाही, हे मात्र नक्की कळते.

करून पाहा

१) मोबाइलवर वायफायची तीव्रता दाखवणारे अॅप घ्या. राउटरपासून १, २, ४ आणि ८ मीटरवर तीव्रता नोंदवून आलेख काढा. मध्ये भिंत आल्यावर आलेखात काय बदल होतो?

२) आतल्या खोलीत मोबाइल एकाच ठिकाणी धरून तीव्रता पाहा, मग तो ३-३ सेंटिमीटर सरकवत जा. ती कमी-जास्त का होते? (सूचना : तरंगलांबी आणि भिंतीवरून होणारे परावर्तन आठवा.)

३) घरातील साखळीचे चित्र काढा आणि प्रत्येक दुव्यापुढे 'हा कसा तपासाल?' ते एका ओळीत लिहा. हे चित्र राउटरजवळ चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी चक्र फिरू लागले, की घरातील मंडळी तुम्हालाच हाक मारतील!